सहीऐवजी प्रश्न : विज्ञानकथेच्या वाचकांचे गणगोत

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचे निधन झाले. मृत्युलेखांत विश्वरचनाशास्त्रातील त्यांचे काम, ‘आयुका’ची उभारणी, पद्मविभूषण, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या गोष्टी आल्या, त्या येणारच होत्या. सर्वसामान्य वाचकाला मात्र आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे पोस्टकार्ड. व्याख्यान संपल्यावर वह्या पुढे करणाऱ्या मुलांना नारळीकर सही देत नसत. विज्ञानाचा एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, त्याचे उत्तर येईल आणि उत्तराखाली सही असेल, असे ते सांगत. आणि उत्तर खरोखरच येई.

या साध्या सवयीकडे कौतुकाने पाहून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात मला तिच्याकडे थोडे थांबून पाहायचे आहे. आवडत्या लेखकाभोवती वाचक जमतात, त्यांचे एक गणगोत तयार होते. त्या गणगोतात शिरण्याचे दार कोणते, यावर त्याचा स्वभाव ठरतो. नारळीकरांच्या बाबतीत हे दार ‘प्रश्न’ हे होते. नांदेड आणि लातूर या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या दोन शहरांच्या दृष्टीने या दाराला आज काय अर्थ उरतो, हा या लेखाचा विषय आहे.

पत्त्यासह छापलेली पत्रे

लेखक आवडणे ही एकट्याने करण्याची गोष्ट आहे. ती आवड असलेली दुसरी माणसे भेटणे ही वेगळी गोष्ट, आणि विज्ञानकथेच्या बाबतीत ती कशी घडली याचा इतिहास बराच स्पष्ट आहे. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. काही महिन्यांतच त्यात वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर आले. तिथे पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापला जाई. संपादकाला पत्र लिहिणारे वाचक त्यामुळे एकमेकांना लिहू लागले. १९३० मध्ये शिकागोच्या अशाच एका वाचकमंडळाने ‘द कॉमेट’ नावाचे हस्तपत्र काढले. वाचकांनी वाचकांसाठी काढलेले या प्रकारचे ते पहिले पत्र मानले जाते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, त्याला सुमारे दोनशे माणसे होती. त्या गर्दीत आयझॅक असिमोव्ह आणि रे ब्रॅडबरी हे दोन तरुण होते. असिमोव्ह त्याआधी मासिकांना वाचक म्हणून पत्रे लिहीत असत. वाचक आणि लेखक यांच्यामधली भिंत या साहित्यप्रकारात पहिल्यापासूनच पातळ राहिली, ती अशी.

आपल्याकडे बंगालमध्ये याला जवळचा प्रयोग झाला. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले, आणि १९६६ मध्ये कोलकात्यात विज्ञानपटांचा एक रसिक मंडळ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते आणि बर्धन सचिव.

मराठीतही कथा होत्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप येऊ लागले. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, आणि द. पां. खांबेटे, नारायण धारप यांनी प्रौढ वाचकाला या वाटेवर आणले. पण या वाचकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. नांदेडला कथा वाचणाऱ्याला लातूरलाही ती कोणी वाचत असेल, हे कळण्याची सोय नव्हती.

लेखक स्वतः रांगेत उभा राहिला

ही सोय रसिक मंडळाने केली नाही, एका विज्ञानसंस्थेने केली. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. विज्ञान मातृभाषेतून लोकांपर्यंत नेणे हा तिचा हेतू. गावोगावी विभाग, दरवर्षी वेगळ्या ठिकाणी अधिवेशन, स्वतःची पत्रिका, आणि १९७० च्या सुमारास सुरू झालेली विज्ञानकथा स्पर्धा, असा तिचा पसारा वाढला. स्पर्धा कोणालाही खुली. गावातल्या शिक्षकाने, कारकुनाने, गृहिणीने कथा लिहावी, पाकिटात घालून पाठवावी.

१९७४ मध्ये या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावलेली. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना त्यांनी ही कथा लिहायला घेतली. परिषदेतील मंडळींना त्यांचे अक्षर ओळखीचे होते, म्हणून प्रत मंगला नारळीकरांच्या हस्ताक्षरात गेली. नारळीकरांना १९६५ मध्येच पद्मभूषण मिळाले होते. फ्रेड हॉएल यांच्यासोबतच्या संशोधनामुळे त्यांचे नाव घरोघरी माहीत झाले होते. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांनी कथा वाचली असती की नाव, हा प्रश्न उरला असता. तो त्यांनी उरू दिला नाही.

ही हकीकत गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात गंमतीपेक्षा अधिक काही दिसते. इतरत्र चाहते लेखकाच्या दारात जातात. मराठीत लेखकाने आधी चाहत्यांच्या रांगेत उभे राहून, ओळख लपवून, सर्वांना खुल्या असलेल्या दारातून प्रवेश केला. पुढच्या गोष्टी परिचित आहेत. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, ‘किर्लोस्कर’च्या संपादकांनी त्यांच्याकडे कथा मागितल्या, आणि १९७९ मध्ये मौजेने ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह काढला. त्याच सुमारास आणि त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे असे लेखक पुढे आले आणि वाचकवर्ग रुंदावला. पण या वाचकवर्गाची रीत त्या पहिल्या पाकिटाने घालून दिली होती : आवडते ना, मग तूही लिही, आणि लिहिता येत नसेल तर निदान विचार.

उर्दूतले विज्ञान, मराठीतले घर

नांदेड आणि लातूर या गोतात उशिरा आले, त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी खास भाषांतर विभाग उभारून पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक यांची पुस्तके उर्दूत आणली गेली, हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. एका भारतीय भाषेतून उच्च विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु मराठी घरातल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर विज्ञान उर्दूत, कथा-कीर्तन मराठीत आणि सरकारी काम पुन्हा उर्दूत, अशी वाटणी झाली होती. विज्ञान आणि गोष्ट ही दोन्ही एकाच भाषेत भेटण्याची जागा नव्हती.

संस्थान गेले, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पहिलीपासून पदवीच्या उंबरठ्यापर्यंत मराठीत शिकलेली इथली पहिली पिढी सत्तरच्या दशकात वाचू लागली. नारळीकरांच्या कथा नेमक्या त्याच वेळी आल्या. गुरुत्वाकर्षण, सापेक्षता, कृष्णविवर हे शब्द या पिढीने पाठ्यपुस्तकाइतकेच कथांतून शिकले, असे म्हणायला जागा आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्या-तालुक्यांत वाढलेल्या अनुदानित वाचनालयांनी ही पुस्तके पोहोचवली. बऱ्याच वाचनालयांत ती बालवाङ्मयाच्या कपाटात असत, हा त्यांच्यावर अन्याय होता. पण त्यामुळे ती योग्य वयात हाती लागली, हेही खरे.

उदगीरहून पानिपतला

या कथा वाचून माणसे नेमके काय बोलतात? तीन उदाहरणे घेऊ.

‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये डावे-उजवे बदलण्याची कल्पना आहे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवली की मोबियसची पट्टी होते. डाव्या हाताच्या पंजाचा चपटा आकार त्या पट्टीच्या पृष्ठावरून पूर्ण फेरी मारून आला की तो उजव्या पंजासारखा दिसतो. आपल्या तीन मितींच्या वस्तूला अशीच पिळाची फेरी मिळाली तर? कथा तिथून सुरू होते. ही पट्टी कोणालाही वहीच्या कागदाची करून पाहता येते, आणि वाचकाने ती करून पाहावी हाच कथेचा अर्धा हेतू आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्याहून वादाला पोषक. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठ्यांनी पानिपत जिंकले आहे. ही कथा लातूर जिल्ह्यातल्या वाचकाने वाचावी, कारण पानिपताची वाट त्याच्या अंगणातून जाते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याची ताकद तिथे दिसली. या विजयामुळेच उत्तरेच्या मोहिमेसाठी भाऊंचे नाव पुढे आले आणि परतूरहून फौजा निघाल्या. मग उदगीरला निकाल वेगळा लागला असता तर? भाऊ उत्तरेला गेले असते का? पानिपत झाले असते का, झाले असते तर कोणाच्या नेतृत्वाखाली? कथेत गोळी एका इंचाने चुकते. उदगीरच्या वाचकाला तो इंच वर्षभर मागे, आपल्याच किल्ल्याच्या परिसरात सापडतो. लेखकाने जिथे प्रश्न सोडला तिथून पुढे आपला प्रश्न जोडणे, ही या गोताची खरी वर्गणी आहे.

तिसरी ‘धूमकेतू’. हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते. शास्त्रज्ञ गुप्तपणे उपाय करून त्याची वाट बदलतात. इकडे शांतीसाठी यज्ञ होतो, आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला मिळते. नांदेडहून लोणार फार दूर नाही. बेसाल्टच्या खडकात अशनीपाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला ही टक्कर कल्पनेतली वाटत नाही. कथेचा शेवट मात्र आकाशापेक्षा आपल्या घराबद्दल जास्त बोलतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, त्या दिवशी पृष्ठताण आणि केशाकर्षण पाठ असलेली कितीतरी शिकलेली माणसेही त्या रांगांत होती. ‘धूमकेतू’ त्याच्या कितीतरी आधी छापली गेली होती.

इथे गोतात वादही होतात, आणि ते व्हावेत. नारळीकरांची पात्रे विचार बोलून दाखवण्यापुरती येतात, त्यांना रक्तमांस कमी, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. लोंढे किंवा जावडेकर यांच्या काही कथांत माणूस अधिक भरीव दिसतो. २००८ मध्ये नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका गोळा केल्या, त्यांतून प्रत्येकी ४० ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांची उत्तरे आली, सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणे उडवून जे जमते त्याहून जास्त नाही. कथा आवडणाऱ्या कित्येक वाचकांना ही चाचणी रुचली नाही. लेखक आवडतो पण त्याचे म्हणणे पटत नाही, अशी माणसे ज्या गोतात टिकतात ते निरोगी. भक्तमंडळात त्यांना जागा नसते.

चार पर्याय आणि एक कोरे कार्ड

आता आजचा प्रश्न. गेल्या तीन-चार दशकांत लातूरने शिक्षणात स्वतःचे नाव केले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली मुले झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. नंतर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांनी त्याला नवे रूप दिले. नांदेडही त्याच वाटेने गेले. खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या हजारो मुलामुलींना या वाटेने डॉक्टर-इंजिनिअर केले. कोरडवाहू भागात हे छोटे काम नाही, आणि त्याची टिंगल करण्याचा हक्क कोणाला नाही.

तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. प्रवेश परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो आणि त्याखाली चार पर्याय असतात. विद्यार्थ्याने एक निवडायचा. पोस्टकार्डावर पर्याय नसतात. प्रश्नच आपल्याला शोधावा लागतो, आणि तो कार्डाच्या मावेल तेवढ्या जागेत नेमका मांडावा लागतो. नेमका मांडला की प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते, हे ज्याने असे कार्ड लिहिले त्याला समजले असणार. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने आले. तिथे तिच्याखाली स्वाध्याय आला आणि बाजारात त्याची तयार उत्तरेही आली. प्रश्न विचारायला लावणारी कथा उत्तरे पाठ करण्याची वस्तू झाली. दोष कोणा एकाचा नाही, पण तोटा झालाच. विज्ञान शिकणारी इतकी मुले एका शहरात असावीत आणि विज्ञानाबद्दल फुरसतीने बोलणारी चार माणसे एका टेबलाशी जमू नयेत, ही विसंगती आपली आहे.

आणि विचारण्यासारखे इथे काय कमी आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दख्खनचे पठार स्थिर म्हणून ज्ञात होते, तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. असे का झाले, लोअर तेरणा जलाशयाच्या पाण्याचा त्यात वाटा होता का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद राहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर. वीस वर्षे आधी एखाद्याने ही कल्पना कथेत घातली असती तर ती अतिरंजित म्हणून परत आली असती. स्थिर समजलेली जमीन हलणे आणि शहराला रेल्वेने पाणी येणे, हे दोन्ही जगलेल्या प्रदेशाला ‘असे झाले तर?’ हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न परका नाही. त्याला तो फक्त कागदावर मांडायचा आहे.

अर्धा पत्रव्यवहार

लेखक गेल्यावर त्याच्या गोतात सामील कसे व्हायचे? एक दार अजून उघडे आहे : परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा चालू आहे. दुसरे आपण उघडू शकतो. वाचनालयात महिन्याला एक कथा, आठ-दहा माणसे, दीड तास, आणि नियम एकच : प्रत्येकाने मताऐवजी एक प्रश्न घेऊन यायचे.

तिसरे काम मात्र थांबू शकत नाही. नारळीकरांची उत्तरे घराघरांत आहेत. पंधरा पैशांच्या कार्डाच्या काळात शाळकरी असलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आली. त्यांच्या पेटीत, जुन्या पुस्तकांत ही कार्डे असतील. गोम अशी की हा अर्धाच पत्रव्यवहार आहे. प्रश्न पुण्याला गेला, घरी फक्त उत्तर आले. काय विचारले होते हे ज्याने विचारले त्यालाच ठाऊक, आणि तो सांगेपर्यंतच ते टिकणार. उत्तराच्या कार्डावर विचारणाऱ्याचा पत्ता असतो, पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते. पिनकोडचे पहिले तीन आकडे ४१३ असतील तर लातूरची शक्यता, ४३१ असतील तर नांदेडची. एवढ्यावरून कोणत्या सालात, कोणत्या गावात, कोणाला आकाशाबद्दल प्रश्न पडला याचा नकाशा काढता येईल. मराठवाड्यातल्या विज्ञानवाचनाचा याहून विश्वासू पुरावा दुसरा मिळणार नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना विनंती. आपल्या घरात असे कार्ड असेल तर ते लॅमिनेट करू नका. उष्णतेने आणि चिकट थराने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात, आणि थर नंतर काढता येत नाही. साध्या कागदी पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा. दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र घ्या. वेगळ्या कागदावर लिहा : आपण कितवीत होतो, कोणती कथा किंवा कोणते व्याख्यान मनात होते, आणि मूळ प्रश्न काय होता. शब्द आठवत नसतील तर आशय लिहा. एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. मूळ कार्ड घरातच राहू द्या, ते आपले आहे. पण उत्तर घेऊन कोणी आले तर त्याला आधी प्रश्न विचारा.